जॉनमास्तरांनी या वर्षी काय सोडलं?

डॉक्टर आत्माराम कुबल मूळचे वेंगुर्ल्याचे. पण भुईगावात दवाखाना टाकून त्यांना इतकी वर्षं झाली, की ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपासकाळ लागल्याचं त्यांना देवळातल्या, म्हणजे चर्चच्या, घंटेशिवाय कळतं. उपासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, उलटला की दवाखान्यातली दुखणीच बदलतात. चहा सोडलेल्याचं डोकं ठणकतं, दारू सोडलेल्याला झोप लागत नाही, आणि एका म्हातारीने मिशेरी सोडली तेव्हा तिचं पोट असं काही रुसून बसलं की डॉक्टरांनी हात टेकले. म्हणून या दिवसांत ते नाडी धरायच्या आधीच विचारतात, "काय सोडलं?" आणि समोरचा माणूस हमखास वर पंख्याकडे बघतो. कारण सोडलेल्या गोष्टीची वाच्यता करायची नाही, अशी तिथली रीत. मासे-मटण तर सगळ्यांचंच बंद असतं, त्याचं कुणाला कौतुक नाही. त्यावर कुणाच्या तरी भल्यासाठी आणखी एखादी जिवाची गोष्ट सोडायची, आणि ती बायकोलाही कळू द्यायची नाही. म्हातारीची मिशेरी तरी कशी कळली? सुनेने तिला डबी रिकामी करताना पाहिलं म्हणून. नाहीतर डॉक्टर अजून तिचं पोटच तपासत बसले असते!

या दवाखान्यात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस म्हणजे जॉनमास्तर. प्राथमिक शाळेत अर्ध्या गावाला बाराखडी शिकवून ते निवृत्त झाले आणि केळीच्या वाडीत रमले. दर महिन्याला रक्तदाब तपासायला यायचे, पण दंडाला पट्टा बांधता बांधताच त्यांची गोष्ट सुरू व्हायची. शाळा तपासायला आलेल्या साहेबांची टोपी बकरीने कशी खाल्ली आणि साहेबांनी शेरा लिहिताना बकरीलाही कसं नापास केलं, हे सांगताना त्यांचा रक्तदाब इतका चढायचा की डॉक्टर गोष्ट संपल्यावर पुन्हा मोजायचे. तो आकडा ते खरा धरायचे. बाहेर नंबर पुकारणारी फ्लॉसी तोवर जाहीर करून टाकायची, "मास्तर आत गेलेत. कुणाला बाजार करायचा असेल तर करून या!"

उपासकाळ सरत आला होता तेव्हा एका सकाळी मास्तर आले आणि खुर्चीत बसून राहिले. एक शब्द नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधला, हवा भरली. तरी नाही.

"काय मास्तर, आज मौनव्रत?"

"नाही हो... ते साहेब होते ना, ते..." मास्तर थांबले. कपाळाला आठी पडली. "कुठले साहेब?"

मागे त्यांची बायको उर्सुला उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. तिचं म्हणणं डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बसवून ऐकून घेतलं. केळीचे घड कापायचा कोयता मास्तरांनी तांदळाच्या डब्यात ठेवला होता. भर दुपारी रविवारचा सदरा घालून ते चर्चमध्ये मिस्साला निघाले होते, आणि वार होता मंगळवार. चालताना झोक जात होता. बोरिवलीला राहणाऱ्या मुलाला, जॅक्सनला, त्यांनी फोनवर विचारलं होतं, "आपण कोण बोलता?"

"जॅक्सन म्हणतो, पप्पांचा विसराळूपणा सुरू झाला. मोठ्या डॉक्टरची वेळ घेतलीय त्याने. वाडी कुणाला तरी कसायला देऊन आम्हा दोघांना घेऊन जातो म्हणतो. अठराव्या मजल्यावर! डॉक्टर, तिथे हे खिडकीतून कुणाला हाक मारतील? पक्ष्यांना?"

डॉक्टर हसले नाहीत. मास्तरांना पुन्हा आत घेऊन त्यांनी हातपाय हलवून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली. अर्धांगाची काही खूण दिसेना. "आज वार कोणता, मास्तर?" मास्तरांनी उर्सुलाकडे पाहिलं, वर्गात उत्तर न आलेल्या पोराने शेजारच्याकडे बघावं तसं. उभ्या जन्मात जो माणूस कुणापुढे गप्प बसला नाही, त्याचं बोलणंच आटलं तर मागे उरायचं काय?

मग त्यांनी सवयीने विचारलं, "बरं, या वर्षी काय सोडलं?"

आणि मास्तरांनी झटक्यात वर पंख्याकडे पाहिलं!

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. वार आठवत नाही, मुलगा ओळखू येत नाही, पण सांगायचं नाही हे पक्कं लक्षात आहे. म्हणजे काहीतरी सोडलंय आणि ते आत नीट जपून ठेवलंय.

"उर्सुलाबाई, हे जेवतात काय?"

"या दिवसांत आमचं साधंच. पेज, उकडलेलं कोनफळ, केळी."

"आणि मीठ?"

"पेजेत मी घालत नाही. वाटी ठेवते समोर, ज्याने त्याने आपलं घ्यायचं. माझं पथ्याचं वेगळं असतं, म्हणजे वाटी यांचीच..." ती बोलता बोलता थांबली. "डॉक्टर, ती वाटी मला एकदाही परत भरावी लागली नाही. राखेच्या बुधवारपासून तशीच भरलेली आहे."

डॉक्टरांनी मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मास्तर, तोंडाने काही सांगू नका, नेम मोडायला नको. मी विचारतो, तुम्ही फक्त मान हलवा. मीठ?"

मास्तरांनी आणखी एकदा पंख्याकडे पाहिलं. मग मान हलली. खाली-वर.

आता डॉक्टरांना सगळं उलगडलं, आणि आपलाही त्यात हात आहे हे कळून ते चरकले. थंडीत त्यांनीच रक्तदाबासाठी मास्तरांना लघवी वाढवणारी गोळी सुरू केली होती. मूतखड्यासाठी भरपूर पाणी प्या, असंही त्यांनीच बजावलं होतं. गोळीने मीठ बाहेर जात होतं, पाण्याने उरलेलं पातळ होत होतं, आणि तोंडावाटे कणभर येत नव्हतं. रक्तातलं मीठ असं उतरलं की म्हाताऱ्या माणसाचा मेंदू पेंगायला लागतो.

"मग मीठ घातलेली पेज देऊ?" उर्सुलाने लगेच विचारलं.

"घरी नाही. हे हळूहळू चढवावं लागतं, घाई केली तर उलटतं. आधी रक्त तपासू, मग इस्पितळात दाखल करू."

"पण हे पहिल्यासारखे होतील ना?"

"मीठच असेल तर होतील," डॉक्टर म्हणाले. त्यातल्या 'तर'मुळे उर्सुलाला रात्रभर झोप लागली नाही. डॉक्टरांनाही लागली नाही, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रक्तातलं मीठ खरंच तळाला गेलं होतं. वसईच्या एका इस्पितळात मास्तरांना सलाईन लागलं, डॉक्टरांची ती गोळी बंद झाली. पहिल्या दिवशी फरक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जॅक्सनला ओळखलं, पण नाव चुकलं. त्यापुढच्या सकाळी डॉक्टर दवाखाना उघडण्याआधी इस्पितळात गेले, तर वऱ्हांड्यातच त्यांना आवाज ऐकू आला.

"...आणि नर्सबाई, त्या बकरीचं नाव होतं मोगरा! साहेब म्हणाले, हजेरीपट आणा..."

डॉक्टर दारात थबकले. पलंगाच्या एका बाजूला नर्स सुई हातात धरून गोष्ट संपायची वाट बघत होती. दुसऱ्या बाजूला जॅक्सन डोळे पुसत होता आणि हसतही होता.

"वार कोणता, मास्तर?"

"शुक्रवार. आणि परवा झावळ्यांचा रविवार, त्यापुढचा ईस्टर. हे काय विचारणं झालं? पहिलीच्या पोराला विचारतात तसं!" मग मास्तरांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, माझा नेम मात्र मोडला."

"मी फादरांना विचारलंय," उर्सुला म्हणाली. "आजारी माणसाला सूट असते. मीठ कुणासाठी सोडलं होतं, ते तरी सांगा आता."

मास्तरांनी पंखा शोधला. त्या खोलीत एसी होता. बघायला काही सापडेना म्हणून ते शेवटी डॉक्टरांकडेच बघू लागले. "यांच्यासाठी. दिवाळीत यांच्या छातीत दुखलं होतं ना. म्हटलं, गावाला दुसरा डॉक्टर मिळेल, पण माझ्या गोष्टी ऐकणारा कुठून मिळणार?"

डॉक्टर ओरडलेच, "मास्तर, माझं काळीज नीट राहावं म्हणून तुम्ही ते बंद पाडायला निघाला होतात! पुढच्या वर्षी काही सोडायचं असेल तर आधी मला विचारायचं."

"ते मात्र सांगायची रीत नाही," मास्तर शांतपणे म्हणाले.

"उरलेले दिवस यांच्या बदली मी सोडते काहीतरी," उर्सुला म्हणाली. "यांच्या गोष्टी ऐकणं सोडते!"

जॅक्सनने वऱ्हांड्यात जाऊन मोठ्या डॉक्टरची वेळ रद्द केली. वाडीचं काय, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही.

डॉक्टर दवाखान्यात पोचले तेव्हा बाकं भरून गेली होती. उशीर झाला म्हणून कुणी कुरकुरलं नाही. अर्नाळ्याहून खोकला घेऊन आलेली एक कोळीण उठून पुढे आली. "डॉक्टर, मास्तर कसं हाय? बरं वाटलं का? कोनी सांगत नाय आमाला."

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ठेवली. "बोलतायत," ते म्हणाले.

"किती?" फ्लॉसीने विचारलं.

"मी निघालो तरी थांबले नव्हते."

सगळी बाकं एकदम हसली. कोळणीला हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि डॉक्टरांनी तिला तशीच हाताला धरून आत नेलं.