आधी कान, मग हात

गॅरेजांच्या त्या रांगेत त्यांना सगळे डिकीमास्तर म्हणत. इंजिन कुणीही खोलावं, ब्रेक कुणीही बसवावेत, पण डिकी अडून बसली की गिऱ्हाईक आपोआप कोपऱ्यावरच्या त्यांच्या शेडकडे वळायचं. डिकी ही तशी मानी वस्तू. गाडीचं एक दार उघडलं नाही तर दुसऱ्या दारातून शिरता येतं, पण डिकी रुसली की तिची समजूत काढायला नेमका माणूस लागतो. तो नेमका माणूस आपणच, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी कान, मग हात, आणि अगदीच नाइलाज झाला तर पाना. कुणालातरी बटण दाबायला सांगायचं आणि आपण झाकणाला कान लावायचा. आत मोटर घूं करत असेल तर वीज पोचतेय, अडलंय ते कुलपात. काहीच आवाज नसेल तर वायर तुटली, आणि तीही बहुतेक बिजागरीपाशी, जिथे झाकण उघडता-मिटता ती रोज वाकते. एवढ्यावर त्यांनी संसार केला, शेड उभी केली, मुलीला शिकवलं. शिकूनसवरून मुलीने शेडमध्येच येऊन पाना हातात घेतला, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला आणि मास्तर दिवसभर विनाकारण शिट्टी वाजवत फिरले.

पण हल्ली मास्तरांच्या मनात एक धास्ती घर करून होती. कान दगा देत होते. मोठे आवाज येत, बारीक आवाज कुठल्या कुठे विरून जात. घरी ते टीव्हीवर चिडत, "सगळे मेले पुटपुटतात," आणि फोन वाजला की बायकोच्या हातात देत. शेडमध्ये तर जरा जास्तच जोरात हुकूम सोडत. ज्याचं दुकानच कानांवर चालतं, त्याने हे सांगायचं तरी कुणाला? मुलीला कळलं तर ती प्रेमाने घरी बसवेल, आणि घरी बसलेला डिकीमास्तर म्हणजे नुसताच एक म्हातारा. या विचाराने त्यांना भीती वाटायची. दुसरा शब्द नाही त्याला.

त्यात मुलीला एक खोड लागली होती. काही बोलायचं झालं की आधी गाडीच्या पत्र्यावर बोटांनी टकटक करायची, मग बोलायची. मास्तर खवळत. "गिऱ्हाइकाची गाडी आहे ती, शेजाऱ्याचं दार नव्हे. रंगाला ओरखडा गेला म्हणजे?" ती "बरं" म्हणायची आणि पुढच्या गाडीवर पुन्हा टकटक. हा हट्टीपणा तिने कुणाकडून घेतला, यावर घरात दोन मतं नव्हती.

एके सकाळी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई गाडी घेऊन आल्या. चेहरा शांत, पण हातातली किल्ली स्वस्थ नव्हती.

"मास्तर, डिकी उघडत नाहीये. ह्यांची चाकांची खुर्ची आत आहे. दवाखान्यातून घरी सोडलंय त्यांना, तिथेच दाराशी बाकावर बसवून आलेय. खुर्चीशिवाय ते गाडीपर्यंत येणार कसे?"

"बसा बाई. चुटकीसरशी उघडतो," मास्तर म्हणाले. "दाब गं बटण."

मुलीने दाबलं. मास्तरांनी झाकणाला कान लावला. आत सगळं गपगार होतं.

"मोटर मुकी आहे. वायर तुटली," त्यांनी निकाल दिला.

मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं. बाई मात्र म्हणाल्या, "अहो, आवाज येतोय की. बारीक, घूं असा."

"तो रस्त्यावरचा," मास्तर म्हणाले आणि कामाला लागले.

मागच्या सीटची पाठ काढून ते आत वाकले. बिजागरीपाशी जाणाऱ्या वायरवरचं रबर सोलून एकेक वायर बोटांत धरून पाहिली. सगळ्या धडधाकट. पुन्हा पाहिल्या. बाई आता शेडमधल्या स्टुलावरून उठून रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. आत पोकळीत तोंड घालून त्यांनी मुलीला पुन्हा बटण दाबायला लावलं, आणि या वेळी बोटं मोटरवर ठेवली. मोटर थरथरत होती. चांगली जिवंत होती, मघापासून होती.

ते बाहेर आले, पण मुलीच्या डोळ्यांकडे काही बघितलं नाही.

"खुर्चीची मूठ झाकणाला खालून रेटतेय," ते हळूच म्हणाले. "कुलपाचा आकडा ताणलाय, म्हणून सुटत नाही."

"मी आत शिरते. मूठ खाली दाबते," मुलगी म्हणाली. "तुम्ही बाहेरून झाकण दाबून धरा. मी सांगितलं की बाईंना बटण दाबायला सांगा."

ती सीटमागच्या फटीतून आत सरपटली. मास्तर झाकणावर दोन्ही तळवे टेकून उभे राहिले. जिवाचा कान करून ते वाट बघत होते. ती बोलली असेल का? बोलून थकली असेल का? रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि होतं नव्हतं तेही बुडालं.

तेवढ्यात तळव्यांखाली टकटक झाली.

"दाबा बाई!" ते ओरडले. आकडा सुटला, झाकण वर आलं, आणि खुर्चीशेजारी अंगाची घडी करून बसलेली त्यांची लेक डोळे मिचकावत हसली.

बाईंनी दोघांचेही हात हातात घेतले. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी मास्तर तिथेच उभे होते.

"ही टकटक," ते म्हणाले, "कधीपासून?"

मुलगी हात पुसत राहिली. "मागे एकदा तुम्हाला पाच-सहा हाका मारल्या. तुम्ही वळला नाहीत. मग पत्रा वाजवला, तेव्हा वळलात."

"आणि मी रोज बोलायचो तुला."

"बोलायचात की."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, बाबा?"

मास्तरांना ओशाळं हसू आलं. रंग, ओरखडे, शेजाऱ्याचं दार! आपण काय काय सुनावलं होतं, आणि पोरीने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

दुपारनंतर दुसरी गाडी आली, तीही डिकीचीच. मुलगी टपात हात धूत पाठमोरी उभी होती. मास्तर त्या गाडीपाशी गेले, क्षणभर थांबले, आणि पत्र्यावर बोटांनी टकटक केली. मुलगी वळली.

"इकडे ये," ते म्हणाले. "कान तू लाव. हात मी ठेवतो."