कॅनडा माझ्या वाट्याला आला

"तू कॅनडा घे," मिस इंग्रजीत म्हणाल्या. "तसंही त्याला कोणी ओळखत नाही. तूही कोपऱ्यातच बसतेस. जोडी छान जमेल."

वर्ग हसला. मी मान खाली घातली. तेवढी सवय मला होती.

फळ्यावर स्नेहसंमेलनातल्या वादविवादाचा विषय लिहिलेला होता. जगात जास्त ओळख कोणाची, ऑस्ट्रेलियाची की कॅनडाची? दोन्ही इंग्रजी बोलणारे देश. दोन्हीकडे एकाच राणीचं नाव. ऑस्ट्रेलिया रश्मीने आधीच घेऊन टाकला होता. रश्मी म्हणजे संत्र्याच्या शेठजींची मुलगी, आणि शेठजी शाळेच्या कमिटीवर. ऑस्ट्रेलिया सोपा होता. हिवाळ्यात तिथे मॅच असली की पहाटेच रेडिओ सुरू व्हायचा, आणि आमच्या सौंसरचा अर्धा बाजार कानटोप्या घालून चहाच्या टपरीवर जमायचा. कॅनडा कोणाला हवा?

रश्मी बाकावरून मागे वळली. माझ्याकडे बघून, पण मिसला ऐकू जाईल असं म्हणाली, "मिस, कॅनडा म्हणजे अमेरिकेला लागून असलेली वस्ती. हिच्या मोहल्ल्यासारखी. गावाला चिकटून, पण गावात नाही."

आता वर्ग मोठ्याने हसला. मिसही हसल्या. तोंडावर रुमाल धरून हसल्या. तो रुमाल मला अजून दिसतो. पांढरा, कडेने जांभळी वेल.

आमची वस्ती छोट्या रेल्वेलाईनच्या पलीकडे. आजोबांनी दीक्षा घेतलेली. मध्ये विहार, त्यावर निळा झेंडा. बाबा तहसील ऑफिसात चपराशी. साहेब लोकांच्या दाराशी स्टुलावर बसून त्यांनी ठरवलं होतं, की पोरगी इंग्रजी शाळेत जाईल. त्या शाळेत वस्तीतली मी एकटी. म्हणून मी बोलत नसे. तोंड उघडलं की "मला"च्या जागी "मले" नाहीतर "का"च्या जागी "काऊन" निसटेल, अशी भीती. पाच वाक्यं मनात घोळवून मग एक बाहेर काढायची. बाकी वेळ बघायचं. कोण कोणाच्या डब्यात हात घालतं. कोण कोणाच्या डब्यात घालत नाही.

कॅनडाबद्दल शाळेच्या लायब्ररीत एक नकाशा होता आणि एका जाड पुस्तकात तीन-चार पानं. मी वस्तीत विचारून पाहिलं. शेजारचे मामा बसवर कंडक्टर होते. रोज नागपूर बघून येणारा माणूस.

"मामा, ऑस्ट्रेलिया माहीत आहे का?"

"हाये ना. ते कांगारूवाले. लय खतरनाक बॉलिंग करते ते."

"अन् कॅनडा?"

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कॅनडा... ते अमेरिकेतच येते ना व? जसं सौंसर छिंदवाड्यात येते, तसं."

मी हसले. मग घरी येऊन विचार करत बसले. मामांचं चुकलं होतं, पण सगळं जग असंच चुकत होतं.

त्याच आठवड्यात शेठजींच्या वखारीत पहिली पेटी निघाली. दिवाळी झाली की बागांमधून संत्री उतरतात, आणि वस्तीतल्या बाया वखारीत निवडायला, भरायला जातात. माझी आईही जायची. पेटीच्या तळाला भाताचं तणस, त्यावर संत्र्यांचा थर, पुन्हा तणस. शेवटी झाकण ठोकून कागद चिकटवतात. कागदावर शेठजींचं नाव, आणि मोठ्या अक्षरांत 'नागपुरी संत्रा'. झाडं आमच्या सौंसरची, पाणी इथलं, तोडणारे इथले. नाव नागपूरचं. याचं कोणाला काही वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

हंगामातली पहिली पेटी देवापुढे ठेवायची रीत होती. ती भरायला शेठजी नेहमी माझ्या आईला सांगत. तिचा हात चांगला, म्हणत. त्या दिवशी मी आईचा डबा घेऊन गेले होते. आईने एकेक संत्रं पदराला पुसून लावलं. डागाचं एकही नाही. पेटी भरली. मग मुनीम म्हणाले, "चला, बाया तिकडं."

बाया उठून फाटकाजवळ गेल्या.  मुनीमांनी तांब्यात आंब्याची डहाळी बुडवली आणि पेटीवर पाणी शिंपडलं. चारही बाजूंनी. मग रश्मी आरतीचं ताट घेऊन आली. आरती झाली. मुनीम फाटकापाशी आले आणि बायांच्या ओंजळीत वरून खोबऱ्याचे तुकडे सोडले. एक माझ्याही हातात पडला. रश्मीने मला पाहिलं. आम्ही एका वर्गात होतो. तिने ताटातली वात सारखी केली आणि आत गेली.

हे मी लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला पेटीवरचे थेंब दिसले. आईने जिथे जिथे हात लावला होता, तिथे तिथे.

घरी जाताना मी विचारलं, "आई, पाणी काऊन शिंपडते व ते?"

"देवापुढं ठेवाची रायते ना."

"अन् बाकीच्या पेट्या ट्रकात टाकाच्या आधी?"

"ट्रकात कायले?"

"मंग देवापुढंच काऊन?"

"चाल लवकर. डोकं नको खाऊ. अंधार पडून राहिला."

ती पुढे चालू लागली. माझ्यापेक्षा खूप जोरात.

मी भाषण लिहिलं. कॅनडा लिहिता लिहिता संत्री आली, संत्र्यांमागे पेटी आली, पेटीवरचं पाणी आलं. मिसनी वाचलं आणि तेवढ्या भागावर लाल पेनने फुली मारली.

"इथे दोन देशांचा विषय आहे. तुझ्या आईचा नाही. आणि शेठजी चीफ गेस्ट आहेत. कळतं का काही?"

मला कळत होतं. मी भाषणाचा तो भाग काढून टाकला.

संमेलनाला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पालक आले होते. आई मागे, कनातीच्या खांबापाशी उभी होती. मांडवात खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभी. बाबांची ड्यूटी होती. परीक्षक म्हणून पांढुर्ण्याच्या कॉलेजातले एक सर आले होते.

रश्मी चांगली बोलली. खोटं कशाला सांगू? क्रिकेट, कांगारू, सिडनीचं समुद्रकाठचं ते पांढऱ्या शिडांसारखं नाट्यगृह. ती म्हणाली, एखादा देश डोळ्यांपुढे उभा राहतो, तीच त्याची ओळख. कॅनडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? बर्फ. आणि मग माझ्याकडे बघून तिने तेच वाक्य टाकलं, या वेळी सफाईदार इंग्रजीत. कॅनडा म्हणजे अमेरिकेला लागून असलेली वस्ती. पहिल्या रांगेत आमचा वर्ग होता. त्यांना अर्थ माहीत होता. ते हसले. मिसनी रुमाल तोंडाला लावला.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. हातातला कागद मी टेबलावर ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, की त्याची मला गरज नाही.

मी इंग्रजीतच बोलले. म्हणाले, होय, कॅनडाला कोणी ओळखत नाही. कारण त्याचं जे चांगलं, ते शेजाऱ्याच्या नावावर जमा होतं. तिथले नट, तिथले गाणारे अमेरिकेचे म्हणून जगाला माहीत. साखरेच्या रोगाचं इंजेक्शन तिथे शोधलं गेलं. रोज टोचून घेणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. ऑस्ट्रेलियाला आपण ओळखतो, कारण तो आपल्याशी खेळतो. जे आपल्याशी खेळत नाहीत, ते आपल्यासाठी नसतातच. आमचं संत्रंही नागपूरच्या नावाने कलकत्त्याला जातं. आणि ज्या हातांनी ते भरलं, त्या हातांना तर उसनं नावसुद्धा नाही. उलट पहिली पेटी देवापुढे नेण्याआधी पाणी शिंपडून ते हात तिच्यावरून पुसून काढतात. म्हणून ओळख कोणाची जास्त, हे मला विचारू नका. ती पुसतं कोण, ते विचारा.

पुढची रांग हसायची थांबली होती. परीक्षक सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पेन्सिलकडे पाहत राहिले. रश्मीचा चेहरा लाल झाला होता.

शेठजी मिसकडे झुकले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी तीन पावलांवर होते. सगळं ऐकू आलं.

"काय म्हणे पोरगी?"

मिस म्हणाल्या, "आपल्या संत्र्याची तारीफ केली, शेठजी. कलकत्त्यापर्यंत जातं म्हणाली."

"अरे वा!" शेठजी म्हणाले, आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. शेठजींनी वाजवल्या म्हणून सगळ्या मांडवाने वाजवल्या. कनातीच्या खांबापाशी माझी आईही वाजवत होती. हसत होती. आपली पोरगी इंग्रजी बोलली म्हणून.

मला वर्गातल्या हसण्याने जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्या टाळ्यांनी लागलं.

पहिला नंबर रश्मीचा. परीक्षक सर म्हणाले, कॅनडाची बाजू चांगली मांडली, पण विषय ओळखीचा आहे आणि ओळख ऑस्ट्रेलियाची. बरोबर होतं. पण शेठजी खुश होते. त्यांनी मला पुढे बोलावलं. सत्कारात मिळालेला नारळ उचलून माझ्यासमोर धरला.

"घे बेटी. छान बोलली. कोणाची तू?"

"इथलीच आहे, सौंसरची," मिस घाईने म्हणाल्या.

मी हात मागे घेतले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, न घोळवता बोलले. मराठीत. घरच्या मराठीत.

"तुमच्या वखारीत जे बाई पहिली पेटी भरते, मी तिची पोरगी आहो. तुम्ही त्या पेटीवर पाणी शिंपडता ना शेठजी, ते माया मायच्या हातावर शिंपडता. मी तेच सांगतलं इंग्रजीत. तारीफ नाही केली. मिस खोटं बोलल्या."

शेठजींचा हात तसाच राहिला. मग त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. अगदी हळू, आवाज होणार नाही असा. मांडवात कोणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी मुनीमांनी आईला फाटकातूनच परत पाठवलं. मिसनी मला बोलावलं. म्हणाल्या, "शेठजींच्या घरी जा. सॉरी म्हण. आईचं काम सुरू राहील."

मी म्हणाले, "मिस, आधी तुम्ही जाऊन त्यांना माझ्या भाषणाचा खरा अर्थ सांगा. मग मी जाते."

त्या गेल्या नाहीत. मीही गेले नाही.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आई भांडली नाही, हेच वाईट. ती भाकरी थापत होती, आणि एकदम म्हणाली, "मले मालूम नव्हतं असं वाटलं काय तुले? मले दरसाल मालूम रायते. खाली पाहून पोट भरत होतो आपण. तू त्या लोकायले मायाकडे पाहाले लावलं."

  ती मोहगावच्या बाजूला कापूस वेचायला जाऊ लागली. वेचताना बोटं फाटायची. मी रोज ती बोटं पाहत होते आणि तरी माफी मागायला गेले नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मुनीम स्वतः वस्तीत आले. बागा लगडलेल्या होत्या, हात कमी पडत होते. दारात उभे राहून म्हणाले, "शेठजी मागचं विसरले. पहिली पेटी तुलेच भराची हाये."

आई सुपात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पाणी शिंपडून राहिले का अजून?"

"ते तर रीत हाये बाई."

"मंग शेठजीले म्हणा, पेटीबी रीतीनंच भरा. घरच्यायच्या हातानं."

मुनीम परत फिरले. आई सूप पाखडत राहिली.

आता मी पांढुर्ण्याला नोकरी करते. ऑफिसात कोणी "कुठली तू?" विचारलं, की आधी वस्तीचं नाव सांगते, मग गावाचं. काहींचे चेहरे बदलतात. ते पुन्हा सावरेपर्यंत मी नजर हटवत नाही. आणि माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून कोणापर्यंत पोचू देत नाही.

शेठजींच्या वखारीत पहिल्या पेटीवर अजून पाणी पडतं. मिस अजून त्याच शाळेत आहेत. मला चांगलं इंग्रजी येतं. हे मी त्या भाषेत लिहू शकले असते, लोकांनी वा वा केलं असतं.

मराठीत लिहिलं आहे. शेठजींना मराठी येतं.