तराजूबाई आणि हिरवी खूण

शाळेत सगळे तिला तराजूबाई म्हणत. बावीस वर्षं ती एकच गोष्ट मुलांच्या डोक्यात भरवत आली होती : रासायनिक समीकरणात बाणाच्या डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे. संगणकाच्या खोलीत मात्र ती नाक मुरडूनच शिरायची. माऊसवर बोटांचा चिकट थर, टेबलाखाली चिकटवलेलं च्युइंगम आणि पडद्यावर समीकरणं जुळवायच्या खेळाचे ते रंगीत गोळे. रेणूंपुढचा आकडा वाढवायचा, कमी करायचा. जमलं की हिरवी खूण आणि टाळ्यांचा आवाज.

मुलं गप्पा मारत बटणं बडवायची. कधीतरी खूण यायचीच. निकाल नव्वदीच्या वर!

"बाई, आता खडू झिजवायला नको," मुख्याध्यापक खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या नंबरच्या मुलीला फळ्यापाशी बोलावलं. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, उजवीकडे पाणी. मुलीने पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी बारका दोन लिहिला आणि हात झटकले.

"झालं. दोन्हीकडे दोन-दोन."

"अगं, हे पाणी राहिलं का? हे जखम धुवायचं औषध झालं, हायड्रोजन पेरॉक्साइड. पिशील?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "संगणकावर खालचा आकडा बदलताच येत नाही, बाई. म्हणून कधी चुकलं नाही."

तराजूबाईला स्वतःचीच शिसारी आली. तीन महिने त्या निकालांवर तिनेच मुकाट सह्या ठोकल्या होत्या.

"निकाल चांगला लागतोय ना? मग तुझं काय दुखतंय?" घरी नवऱ्याने विचारलं.

"पोरांची माकडं केलीत, आणि मदारी मी!"

तिने सगळ्या संगणकांचा आवाज बंद केला. खुणेच्या जागी जाड कागद फक्त वरच्या कडेने चिकटवले. आधी वहीत रेणू काढायचे, अणू मोजायचे, मग आकडा टाकायचा. बरोबर की चूक ते कारणासकट सांगायचं, मगच कागद उचलायचा. निकाल चाळिशीवर घसरला. मुख्याध्यापक तणतणत आले, कागद काढा म्हणाले.

"बसा सर. कागद न उचलता एक सोडवा."

त्यांनी चार-पाचदा बटण दाबलं, घड्याळात पाहिलं आणि मीटिंग आहे म्हणून उठले. कागद काढा, असं मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

वार्षिक परीक्षेत निम्म्या वर्गाला समीकरण जमलं. त्या मुलीलाही. बाकीच्यांनी मनाला येतील ते आकडे ठोकून दिले होते. ते पेपर तराजूबाईने मेलेली पाल उचलावी तसे दोन बोटांत धरून बाजूला ठेवले आणि सुट्टी असूनही त्या मुलांना निरोप धाडले : सोमवारी सकाळी, वह्या घेऊन या.