थोरलीकडे मुक्काम

आमच्या घरात आईच्या साड्यांची एकही गोधडी नव्हती, आणि या गोष्टीचा राग मी अजून सोडलेला नाही. रेवसला आमच्या आळीत घरटी दोन-तीन गोधड्या होत्या. शेजारची मैत्रीण तिच्या गोधडीवर बोट फिरवत सांगायची, हा तुकडा आईच्या लग्नातला, हा मावशीनं दिलेला, हा माझ्या बारशाचा. मी आपली बाजारातून आणलेली चादर गळ्यापर्यंत ओढून ऐकत बसायची. पोटात दुखायचं अगदी.

कारण साधं होतं. बाबा प्रवासी बोटीच्या इंजिनवर होते, आणि आईची सुती साडी विरली की ती इंजिन पुसायला जायची. नव्या कापडाचे धागे सुटतात, जुनं धुवट कापडच तेल नीट टिपतं, असं त्यांचं म्हणणं. आईशी लग्न व्हायच्या आधीपासून ते त्या बोटीवर होते, म्हणून आई बोटीला ‘थोरली’ म्हणायची. रजेच्या तिसऱ्या दिवशी बाबा ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले की ती हसून म्हणायची, “जावा आता. थोरली रुसली आसंल.” तिला हसू कसं येतं, हेच मला कळायचं नाही.

तेलानं काळी झालेली फडकी बाबा घरी परत आणायचे. ती न्हाणीतल्या बंबात जायची. तेलकट फडकं एका काडीत पेटतं. सकाळी आई हाक मारायची, “ऊठ गं, थोरलीनं पाणी तापवलंय.” मी मनात म्हणायची, साड्या आमच्या आणि कौतुक तिचं!

पुढे बाबा निवृत्त झाले, बोटही झाली. बरीच वर्षं ती कुठेतरी गंजत पडली होती म्हणे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आणि आता कुणीतरी तिला विकत घेऊन, पांढरीशुभ्र रंगवून मांडव्याच्या बाजूला खाडीत बांधून ठेवलं आणि तिचं हॉटेल केलं. वरच्या मजल्यावर कप्तानाची खोली, ती मुंबईहून येणाऱ्या पैसेवाल्यांसाठी. खाली खलाशी झोपायचे तिथे चार पलंगांची घरगुती खोली. आठवड्याच्या मधल्या वारी गेलं तर आमच्यासारख्यांनाही परवडते, वर सकाळचा नाश्ता फुकट. माझ्या पाचवीतल्या लेकीनं हे मोबाईलवर शोधलं आणि हट्टच धरला. नवऱ्याला रजा नव्हती. ठरलं ते असं, की लेक, मी आणि बाबा.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी तारीख विचारली. मग म्हणाले, “केस कापून घेतो.” माझ्या लग्नात त्यांना केस कापायची आठवण आईनं करून दिली होती.

आई जाऊन दोन वर्षं झाली. रिवाजाप्रमाणे तिच्या बऱ्या साड्या नात्यातल्या बायकांना दिल्या. सुती एकच उरली, हिरवी, तांबड्या काठाची, धुऊन धुऊन मऊ झालेली. ती मला हवी होती. तळा गावात, माझ्या सासरी, गोधड्या शिवणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांना मी सांगूनही ठेवलं होतं, की आत काहीही घाला, वरचा थर आईच्या साडीचा पाहिजे. बाबांकडे तीनदा मागितली. तिन्ही वेळा ते “असू दे” म्हणाले आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

निघायच्या सकाळी त्यांना घ्यायला रेवसला गेले. ते आंघोळीला गेले होते. त्यांच्या गोळ्या पिशवीत टाकायला गेले, तर पिशवीत ती साडी. खाली मशीनच्या तेलाची छोटी बाटली. माझ्या लगेच लक्षात आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. शेवटची साडी! तीही थोरलीलाच? मी साडी काढून माझ्या बॅगेच्या तळाशी दडपली. फळीवर पिवळ्या फडक्यांची नवी जुडी पडली होती, गाड्या पुसायची. ती पिशवीत कोंबली.

बोटीवर चढताना बाबांनी कठड्याला हात लावला आणि तो उचललाच नाही. कठड्यावरून हात तसाच सरकवत ते शेवटपर्यंत चालत गेले. खालच्या खोलीचं दार बुटकं. मी कपाळ आपटून घेतलं, लेकीनंही. बाबांनी बोलता बोलता, न बघता मान वाकवली. माझ्या घरी त्यांना अजून मोरीच्या दिव्याचं बटण सापडत नाही.

इंजिनाची खोली आता बघायची वस्तू झाली आहे. मधे काच, काचेवर ‘हात लावू नये’ अशी पाटी. पण आजोबा इंजिन चालवायचे हे लेकीनं काउंटरवरच्या ताईला आल्या आल्या सांगून टाकलं होतं. ती ताई स्वतः किल्ली घेऊन आली. “काका, तुम्हाला कसली पाटी? या आत.”

इंजिन बंद पडून काळ लोटलाय. वरून चंदेरी रंग फासलेला, पितळेच्या तेलाच्या वाट्या हिरव्या पडलेल्या. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग खाली बसून पिशवी उघडली. बाटली काढली. मग ती पिवळी फडकी निघाली, नवीकोरी, कडक. त्यांनी पुन्हा हात घालून पिशवीचा तळ चाचपला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि तेच मला लागलं.

“ह्याचं धागं सुटतात,” एवढंच ते म्हणाले.

“पुसा ना आजोबा,” लेक म्हणाली.

“न्हाय. ह्यानं न्हाय.” बाटली पुन्हा पिशवीत गेली.

म्हणजे मी जिंकले होते. आयुष्यात पहिल्यांदा थोरलीला काहीतरी मिळालं नव्हतं आणि ते माझ्या बॅगेत होतं. पण जेवताना बाबांनी सुरमईचा तुकडा अर्धा टाकला, आणि बाबांनी मासा टाकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

खोलीत परतलो तर प्रत्येक पलंगावर हॉटेलनं गोधडी घातलेली. हौशी लोकांना आवडतात हल्ली. मी माझ्या पलंगावरची उलटीपालटी करून पाहिली. जांभळा तुकडा, चौकडीचा तुकडा, कुणाच्या तरी आईच्या साड्या. जिची गोधडी शेवटी विकली गेली, त्या अनोळखी पोरीचाही मला हेवा वाटला. तिच्याकडे निदान ती होती तरी. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते.

सकाळी चहाच्या आधी मी साडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. कुठे होती, का घेतली, काही विचारलं नाही त्यांनी. साडीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे परत दिली. “आधी काठ काढ. काठानं पितळेवर ओरखडं पडतात. तुझी आई काढून द्यायची.”

मला एकदम तो आवाज आठवला. दुपारी ओट्यावर बसून आई साडीची कड दातानं तोडायची आणि टर्रकन फाडत न्यायची. मग तळहाताएवढे तुकडे, घडी घालून, बाबांच्या डब्याशेजारी. साड्या बाबा नेतात, हे मी इतकी वर्षं उगाळत बसले होते. देत होती आई. आपल्या हातानं, एकेक तुकडा मोजूनमापून.

मी कड दातात धरली. डांबराच्या गोळीची चव आली. साडी सरळ फाटत गेली, किती सहज! तांबडा काठ माझ्या हातात राहिला.

काउंटरवरच्या ताईनं पुन्हा कुलूप काढून दिलं, आणि बाबांनी तासभर ते इंजिन पुसलं. लेक तुकडे देत होती. पितळ पिवळं व्हायला लागलं. एका वाटीच्या कडेवरून ते अंगठा असा फिरवत होते, की मला सांगावंसं वाटलं, बाबा, माझ्या कपाळाला कालपासून टेंगूळ आलंय, इकडेही बघा. खोटं कशाला बोलू, त्या घटकेलाही मी त्या लोखंडावर जळत होते.

मग ते उठले. सगळ्यात काळा, तेलानं भिजलेला तुकडा त्यांनी चौकोनी घडी करून माझ्यासमोर धरला.

“घे. बंबाला व्हईल.”

आमच्याकडे कित्येक वर्षं गिझर आहे, आणि ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी दोन्ही हात पुढे केले.