पंखा माझ्याकडं वळला

सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की अनगोळच्या घरातली उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. मधुमेह असलेल्या आप्पांसाठी मी घरीच सोल्डरिंग करून एक पंखा बनवला होता. अंगाची ऊब जिथं जास्त लागेल, तिकडं तो आपणहून तोंड फिरवायचा. आप्पा कुरकुरायचे, "पोलिसागत माझ्या मागं फिरालाय गं ह्यो!" त्या दुपारी ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, मी पलीकडं टेबलाशी होते, आणि पंखा त्यांना सोडून माझ्याकडं वळला. मी तो हातानं परत फिरवला, तर पुन्हा माझ्याकडंच आला. सेन्सर बिघडला म्हणून चरफडत उठले आणि खात्री करायला आप्पांच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामानं चिंब आणि थंडगार होतं. शुगर एकदम उतरली होती. माझी हाक ऐकून आई साखरपाणी घेऊन धावली. "अहो, गिळा की वो," म्हणत ती चमचा चमचा पाजत राहिली. पंखा आता आमच्याकडं वळला, पण कुणाच्या उबेनं, ते कळेना. आम्ही दोघी त्यांना चिकटूनच होतो. शेवटी मी आईला ओढत दाराशी नेलं. "त्यांना सोडून कुठं चाललीस गं?" ती रडत ओरडली. पंखा आमच्या मागं वळला नाही, आप्पांकडंच तोंड करून राहिला. आप्पांचे पांढरे केस वाऱ्यानं भुरभुरत होते. आजही त्या पंख्याचा वारा माझ्या अंगावर आला की मी आधी उठून त्यांचं कपाळ चाचपते.