शंकासुराची परीक्षा

आमच्या साहेबांना चहासुद्धा डोळ्यांसमोर ओतलेला लागे. सुप्याच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते आणि पाठीमागे सगळा कारखाना त्यांना शंकासुर म्हणे. शिपायानं कुलूप लावलं की हे पुन्हा ओढून बघणार. बाहेरून आलेली फ्लॉपी, मग ती खुद्द मालकाची का असेना, व्हायरस असेल म्हणून आधी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर तपासायची, मगच आत घ्यायची. गंमत म्हणजे साहेब शनिशिंगणापूरचे, जिथं घरांना दारंच नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दार नसलं की मानसाकडं नीट बघायची सवय लागती, पोरी."

सगळ्यात मोठा संशय सर्टिफिकेटवर. नव्वदच्या दशकात नगरमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. चार महिने की-बोर्ड बडवला की डिप्लोमा मिळायचा, वर सोनेरी शिक्का आणि लॅमिनेशन. असा उमेदवार आला की साहेब तो कागद खिडकीच्या उजेडात धरत, शिक्का अंगठ्यानं चोळून बघत आणि म्हणत, "शिक्का पक्का हाय. आता मानूस बघू." मग पगाराचा एक प्रोग्रॅम पुढ्यात ठेवत. "ह्यात एक चूक हाय. काढ."

मी मिरजगावची. वडील गवंडीकाम करायचे. आमच्या बौद्ध वस्तीतून नोकरीसाठी एवढ्या लांब आलेली मी पहिलीच मुलगी. दिल्लीच्या एका संस्थेची प्रोग्रॅमिंगची परीक्षा मी पुण्यात शिकवण्या घेत घेत पास झाले होते, आणि ते सर्टिफिकेट जिवापाड जपत होते. साहेबांनी तेही उजेडात धरलंच. वर विचारलं, "मिरजगावात कुनाची गं तू?"

माझं डोकं फिरलं. या प्रश्नाचा अर्थ मला लहानपणापासून पाठ होता. पण नोकरी हवी होती. वडिलांचं नाव सांगितलं आणि प्रोग्रॅम पुढं ओढला. वाचला, पुन्हा वाचला. चूक काही सापडेना.

"सर, यात चूक नाही."

"बाकीच्यांनी तर लई चुका काढल्या."

"त्या त्यांनाच ठाऊक. यात नाही."

"नक्की?"

मी प्रोग्रॅम त्यांच्याकडं सरकवला आणि म्हटलं, "नक्की."

"उद्यापास्नं ये." चूक त्यांनी घातलीच नव्हती. समोरचा घाबरून खोटी चूक काढतो का, एवढंच त्यांना बघायचं असे. पुढं त्यांनी मला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं, अर्थात माझी प्रत्येक ओळ संशयानं वाचत.

मग कारखान्याचा माल परदेशी जाऊ लागला आणि तिकडच्या गिऱ्हाइकांच्या अटीमुळं वरून फर्मान निघालं: कॉम्प्युटर विभागात मान्यताप्राप्त परीक्षा पास झालेलीच माणसं राहतील, बाकीच्यांनी स्टोअरमध्ये जायचं. साहेबांकडं कसलाच कागद नव्हता. भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर प्रोग्रॅम लिहायच्या काळात दुसऱ्याच्या हाताखाली ते शिकले होते. कँटीनमध्ये लोक हसायला लागले, आता शंकासुराची पाळी! मला ते हसणं सहन होईना. मी साहेबांना म्हटलं, तुम्हीही परीक्षेला बसा.

"त्या चिटोऱ्यासाठी?" साहेब उसळले. "माझं काम बघा म्हनावं. मानूस बघा!"

माझाही तोल गेला. "माणूस बघणारे आधी आडनाव बघतात, सर. पहिल्या दिवशी तुम्हीसुद्धा विचारलंत, कुणाची गं तू. माझा पेपर तपासणाऱ्याला फक्त माझा नंबर दिसत होता. म्हणून मी तुमच्या खिडकीपर्यंत तरी आले."

त्या दुपारी साहेबांनी समोर आलेला चहा न बघताच पिऊन टाकला.

ते पुण्याला जाऊन, पोरांच्या वयाच्या मुलांत परीक्षेला बसले. आणि नापास झाले. "येत न्हवतं असं न्हाई," मला म्हणाले. "एकेक उत्तर तपासत बसलो. खात्रीच हुईना. पेपर अर्धा ऱ्हायला." मला रडूच आलं. ज्या कागदानं मला उभं केलं, त्यानंच या माणसाला खुर्चीवरून उठवलं. त्या कागदावर पूर्ण विश्वास ठेवणं मला पुन्हा कधी जमलं नाही, आणि तो फेकूनही देता आला नाही.

त्यांची खुर्ची मला मिळाली. स्टोअरमध्ये जायच्या दिवशी त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. "आता उमेदवार तूच बघायचे. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नको," म्हणाले आणि निघाले. दारापर्यंत जाऊन परत फिरले.

"आनि कागद बघशील तवा आडनाव हातानं झाकून बघत जा," साहेब म्हणाले. "मी कधी झाकलं न्हाई, पोरी."