पाय रस्त्याकडे

सोनाळ्याच्या एस.टी.चा कंडक्टर खामगावच्या स्टँडवर खिडकीतूनच निरोप ओरडतो. कुणाचं बारसं, कुणाची म्हैस व्यायली, सगळ्या स्टँडला कळतं. त्या दिवशी मात्र तो खाली उतरून माझ्याजवळ आला. "ताई, तुमची कुसुम गेली," म्हणाला. तापाचं निमित्त झालं... गेलेल्या माणसावर हळू आवाजात लिहावं म्हणतात. पण माझा आवाज उतरला तर कुसुम वरून विचारेल, "काऊन वं शाले, घसा बसला काय?"

महाराष्ट्र नवा नवा होता आणि आम्हीही. खामगावच्या आमच्या कॉलेजात वर्गात मुली म्हणजे एक बाक. शाळेत आम्हाला गणिताऐवजी शिवणकाम दिलेलं. गणिताचे सर पुण्याचे, नाकात बोलणारे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, आमच्या बाकाकडे वळले आणि विचारलं, "यात पाय कुठे आहे?" कुसुमनं बाकाबाहेर आलेला पाय झटकन मागं ओढला आणि उभी राहून म्हणाली, "घेतला सर, आत." पोरं बाक बडवून हसली. सरांनी मग समजावलं, पाय हे ग्रीक अक्षर आहे. आणि जरा खुशीत येऊन सांगितलं की अमेरिकेत कॉलेजातल्या मुली ग्रीक अक्षरांच्या नावानं मंडळं काढतात, शपथा घेतात, जन्मभर एकमेकींना बहिणी मानतात. दुपारी मुलींच्या खोलीत कुसुमनं खडूनं जमिनीवर ते अक्षर काढलं. वर एक आडवी रेघ, खाली दोन उभ्या. "पाहा वं, हे घराचं छप्पर, अन् हे दोन पाय. बाहेर निंघून राह्यले. अक्षर तर मिळालंच हाये, आता मंडळ काढू."

असं आमचं पाय मंडळ निघालं. नव्या मुलीला चपला काढून माठाशेजारी उभं करायचं आणि जुन्यांनी तिचे पाय धुवायचे. "नवरदेवाचे धुतात, तवा कोनी हासत नाही," कुसुमचं म्हणणं. मग दारात ते अक्षर काढायचं, छप्पर खोलीकडे, पाय रस्त्याकडे. आणि सर्वांत मोठी रीत म्हणजे पाय धरणं. एखादीला घरचे कॉलेजातून काढू लागले की सगळ्यांनी तिच्या घरी जायचं आणि बापाचे पाय धरून बसायचं, तो हो म्हणेपर्यंत. पिंपळगाव राजाच्या एका मैत्रिणीसाठी गेलो तेव्हा कुसुमच्या वडिलांनी, बापूंनी, कापसाचे अडते होते ते, स्वतःची दमणी जुंपून आम्हाला नेलं. वर त्या बापाला सुनावलं, "शिकू दे ना बाप्पा पोरीले. जमाना कोठी चालला?" तो बाप विरघळला. परतताना बैलांच्या घुंगरांपेक्षा आमचाच आवाज जास्त होता.

शेवटच्या वर्षी कुसुमला सोनाळ्याचं स्थळ आलं. मोठी शेती, घाईचं लग्न, परीक्षा नाही. तिला ती परीक्षा हवी होती, बाकी काही नको होतं. आम्ही ठरल्याप्रमाणे गेलो. बापू ओसरीत गादीवर मांडी घालून बसले होते आणि मांडीवरून पासोडी ओढलेली, ऐन वैशाखात. "या पोरींनो," म्हणाले. "काय धराले आल्या? पायच नाही मले." स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेपर्यंत हसले. चहा गादीवर, पान गादीवर. दुपार कलली तरी माणूस उठला नाही. दारात उभी असलेली कुसुम एवढंच म्हणाली, "बापू, दमणी तर तुम्हीच जुंपली होती."

"ते दुसऱ्याची पोरगी होती," बापू म्हणाले.

इतकं खरं बोलणारा सुधारक मी पुन्हा पाहिला नाही. कुसुम सोनाळ्याला गेली आणि तिथंच राहिली. तेरवीला मी गेले तेव्हा लोक तिच्या हातच्या पुरणाबद्दल पोट भरून बोलले. ती गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे होती, हे तिथं कुणाला ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुलगी वंदना अंगणात सडा टाकून रांगोळी काढत होती. यंदा बारावी झाली. पुढं काय, असं मी रात्रीच्या जेवणावर विचारलं होतं, तेव्हा तिचे वडील, आमचे भाऊजी, म्हणाले होते, "आता घर पाहाले कोन हाये, ताई? बस झालं शिक्षन." पोरगी ताटातच पाहत राहिली होती. आता तिनं उंबऱ्यासमोर एक आडवी रेघ ओढली आणि खाली दोन उभ्या.

"हे काय गं?"

"लक्ष्मीचा पाट हाये मावशी. आई रोज काढे. मी म्हनो, आई, बसाले तर कोनी येत नाही, पाट काऊन काढतं? तं हासे नुसती."

पाट... बसायचा. आमच्या पायाचा सोनाळ्यात पाट झाला होता, आणि कुसुमनं पोटच्या पोरीलाही खरं सांगितलं नव्हतं. तरी छप्पर उंबऱ्याकडे होतं आणि पाय रस्त्याकडे. एका सकाळीही उलटे नसणार.

मी बादलीत उरलेलं पाणी तांब्यात घेतलं. "चप्पल काढ," वंदनाला म्हटलं, "आणि पाय पुढं कर." तिला वाटलं, मावशीचं डोकं फिरलं. ओसरीत भाऊजी बाजेवर चहा पीत बसले होते, दोन्ही पाय खाली सोडून. त्यांना आमची रीत अजून कुणी सांगितलेली नव्हती.